गुलसुम काय म्हणाली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चाचीला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही, अब्बांना तर नाहीच. गोष्ट अगदी लहान आहे, असं मी चार वर्षं स्वतःला बजावत आले. एक पिक्चर, एक खोली, काही बायका आणि चार-पाच वाक्यं. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचं घर मोडलं नाही. मग सांगता का येत नाही? लहान गोष्ट तर माणूस बोलता बोलता सांगून टाकतो.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं. लिहायला बसले की हात आधी इंग्रजीकडे जातो. तिथे मला स्वतःला झाकून ठेवता येतं. पण हे मराठीतच लिहायला हवं. जे वाईट मी केलं, ते इंग्रजीतून आपल्या बोलीत येतानाच केलं. त्या दोन भाषांच्या मधल्या जागेत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला बघणारं कोणी नव्हतं — असं मला वाटलं होतं.

आधी जैतूनखालाबद्दल सांगते.

मी तीन वर्षांची असताना माझी आई वारली. अब्बा बोटीवर, वर्षातून एकदा घरी. मला चाचीने वाढवलं असं सगळे म्हणतात, आणि चाचीने मला कधी काही कमी केलं नाही हे खरं आहे. पण अंघोळ घालणं, केस विंचरणं, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणं, हे सगळं जैतूनखालाने केलं. ती आमच्याकडे कामाला होती, पण मी तिला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. खाडीपलीकडची. नवरा खलाशी होता, एकदा गेला तो परत आला नाही. मूलबाळ नाही. डोक्यावरचा पदर कानांमागे खोचून ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरभर चालत असायची, आणि कुठलंही वाक्य सुरू करायच्या आधी म्हणायची, "मी काय बोलतंय…" मग पुढे काहीही असो. मीठ संपलंय. मांजर शिरलंय. "मी काय बोलतंय, नसीम, तुझी वेणी सुटली गो."

ती मला कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत सोडायला यायची. तिसरीत असताना वर्गातल्या दोन मुलींनी तिची नक्कल केली. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, फाटकापर्यंत येऊ नकोस, वळणावरच थांब. तिने का म्हणून विचारलं नाही. त्या दिवसापासून ती वळणावर थांबायला लागली. मी मागे वळून बघितलं की हात हलवायची.

हे आधी का सांगितलं? नक्कल करणाऱ्या त्या दोन मुलींचा मला किती राग आला होता, ते तुम्हाला कळावं म्हणून. नक्कल म्हणजे काय असते हे मला माहीत होतं. नंतर जे केलं, ते न कळता केलं असं मला म्हणता येणार नाही.

मी अकरावीत असताना चाचाने कुवेतहून व्हिडिओ प्लेअर पाठवला. मोहल्ल्यातला तिसरा. बरोबर दोन कॅसेटी होत्या. एक कोणाच्या तरी निकाहाची, आणि दुसरी तुर्कस्तानच्या एका पिक्चरची. चाचाने पत्रात लिहिलं होतं, आपल्याच लोकांचा आहे, हसवणारा आहे, घरातल्या बायकांनी बघण्यासारखा आहे. त्याने स्वतः तो बघितला होता की दुकानदाराने सांगितलं ते लिहिलं होतं, कोण जाणे. बोलणं सगळं तुर्की. पडद्याच्या खालच्या बाजूला पिवळी इंग्रजी अक्षरं.

घरात इंग्रजी वाचणारी एकटी मी. त्यामुळे काम माझ्यावर आलं. शुक्रवारी दुपारी, पुरुष नमाजला गेले की पडदे ओढायचे, बायकांनी सतरंजीवर बसायचं, आणि मी टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसून खालची अक्षरं वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. वाक्य लांब असलं तर चाची वायरवाल्या रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवायची. थांबलेलं चित्र थरथरत राहायचं.

मी लाजाळू होते, अजून आहे. दहा माणसांत माझा आवाज निघत नसे. तुम्ही त्या वेळी मला बघितलं असतं तर म्हणाला असता, ही मुलगी मुंगीलाही दुखवणार नाही.

पिक्चर सुरू झाला. समुद्रकाठी पांढरा बंगला. एक सोनेरी केसांची बाई पेला हातात घेऊन नाचतेय. शेजारची खतीजामामी ताडकन उठून बसली.

"अगो बाय, ही आपली माणसं? हिच्या अंगावर माझ्या रुमालाएवढं पण कापड नाय!"

"पेल्यात सरबत असेल गो," चाची म्हणाली. तिला नवऱ्याच्या निवडीची बाजू घ्यायची होती.

"सरबत पिऊन कोण झुलतं असं?"

गोष्ट साधीच होती. बंगल्यातला मुलगा, दुकानात काम करणारी मुलगी, ती श्रीमंत असल्याचं नाटक करते, मग घोटाळे. पण बायकांचं लक्ष गोष्टीत नव्हतं. त्या शोधत होत्या. आपल्यासारखं कोणी दिसतंय का — एखादी आई, एखादी मामी, डोक्यावर पदर घेतलेली. ड्रॉइंगरूममध्ये नव्हती. होडीवर नव्हती. पार्टीत नव्हती. वीसेक मिनिटं गेली. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ती आली. फुलाफुलांचा रुमाल डोक्याला गच्च बांधलेला, ढगळ विजार, हातात ट्रे. खेड्यातून आलेली मोलकरीण. नाव गुलसुम.

जैतूनखाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सुपाचा आवाज थांबला.

"ही बघा," ती म्हणाली. "ही आपल्यातली."

पुढच्याच क्षणी गुलसुमच्या हातून ट्रे पडला. पिक्चरमध्ये ती त्याचसाठी होती. ट्रे पाडायचा, फोनला घाबरायचं, लिफ्टमध्ये अडकायचं, मालकिणीने अंगावर ओरडायचं. डोकं झाकलेली सबंध पिक्चरमधली एकटी बाई, आणि तिला ठेवलेली हसण्यासाठी. हे मला तेव्हाच दिसलं होतं. मला अशा गोष्टी लवकर दिसतात. दिसून मी काय केलं, हा प्रश्न आहे.

मी वाचत होते शाळेत धडा वाचतात तसं. कोणाला मजा येत नव्हती. खतीजामामी म्हणाली, "नसीम, बातम्या सांगतेस काय गो रेडिओवरच्या?" सगळ्या हसल्या. माझे कान तापले. तेवढ्यात पडद्यावर फोन वाजला, गुलसुम दचकून मागे सरकली, काहीतरी बोलली. खाली लिहिलं होतं, "बाईसाहेब, कोणीतरी बोलतंय." आणि माझ्या तोंडून निघालं —

"मी काय बोलतंय, ह्या डब्यात माणूस कोणी कोंबला गो?"

 मग खोली फुटलीच. चाची डोळे पुसायला लागली, खतीजामामी मांडीवर थापा मारत होती. तो आवाज माझा नव्हता, जैतूनखालाचा होता. तिचा हेल, तिचं ते पहिलं वाक्य, सगळं. मला इतकं हुबेहूब येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

माझ्या बोलण्यावर माणसं हसली, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ते किती गोड लागतं हे मी लपवणार नाही.

आणि जैतूनखाला? तीही हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली. पण तिचं हसणं वेगळं होतं, ते मला नंतर कळलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडं पण बोलतात काय अशी? माझ्यासारखी?"

"होय गो," चाची हसत म्हणाली. "तुझीच बहीण ती."

आणि तिने ते खरं मानलं. तिला खरंच वाटलं की समुद्रापार, त्या पांढऱ्या बंगल्यात, पदर खोचलेली एक बाई अगदी तिच्यासारखी बोलते, आणि तिला पिक्चरमध्ये घेतलंय. बाकी सगळ्यांना माहीत होतं की हे माझं सोंग आहे. तिला एकटीलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासाला वीज गेली. मग आठवडाभर ती काम करता करता मला विचारत राहिली. गुलसुमचं गाव कुठलं? तिला पोरं आहेत काय? मालकीण पगार बरा देते काय? आणि मी उत्तरं देत राहिले, मनाने रचून. मला त्यात मजा वाटत होती. कोणीतरी माझ्यावर इतका विश्वास ठेवतंय याचीही मजा वाटत होती.

पुढच्या शुक्रवारी खोली भरली. मोहल्ल्यात खबर गेली होती की नसीम पिक्चर असा सांगते की पोट दुखतं. मी स्टूल थोडं बायकांकडे वळवून बसले. जैतूनखाला सूप न घेता आली होती. उंबरा ओलांडून खोलीत बसली होती, भिंतीला टेकून, पदर नीट करून. भावाचं लग्न बघायला बसावं तशी.

शेवटी पिक्चरमध्ये लग्नच होतं. बागेत सगळं घर फोटोसाठी उभं राहतं. गुलसुमही हात पुसत येते आणि कडेला उभी राहते. मालकीण तिला बोटाने बाजूला व्हायला सांगते. गुलसुम हलत नाही. ती बोलायला लागते, आणि पहिल्यांदाच ती भराभरा बोलत नाही, अडखळत नाही. खाली अक्षरांच्या दोन-दोन ओळी येत होत्या. चाचीने बटण दाबलं.

चित्र थांबलं. गुलसुमचा चेहरा, त्यावरून सरकणारी एक पांढरी रेघ, आणि खाली शब्द. चाची एकेक करून ओळी पुढे नेत होती, मी मनात वाचत होते. इंग्रजी मोडकं होतं, पण मला सगळं कळलं. प्रत्येक शब्द कळला. सबंध पिक्चर जिला हसत आला होता, तिला त्याने हे अर्धं मिनिट दिलं होतं. का दिलं होतं कोण जाणे. पण दिलं होतं.

मी वर बघितलं. बारा-पंधरा चेहरे माझ्याकडे. सगळे हसायच्या तयारीत. खतीजामामीचं तोंड तर आधीच उघडलेलं.

आणि मी म्हणाले, "मी काय बोलतंय, माझा पण फोटो काढा गो! आज डोक्याला तेल लावलंय. नवऱ्याला पाठवा. भुतासारखी दिसली तर घाबरून तरी घरी येईल."

नवऱ्याचं का जोडलं मी? पडद्यावर तर नवऱ्याचा शब्दही नव्हता. मी ते इतक्या सहज जोडलं, की आजही मला स्वतःची भीती वाटते.

काय हसल्या सगळ्या! कोणाला तरी ठसका लागला. त्या आवाजात जैतूनखाला मात्र पडद्याकडे बघत होती. हसणं थोडं ओसरलं तेव्हा तिने विचारलं, हळूच:

"नसीम, खरं सांग. तिचे डोळे तर भरल्यासारखे दिसतायत. ती हेच बोलते काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला त्या क्षणापर्यंत कळलं होतं. पण तिने मला एक जागा ठेवली होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं — नाही खाला, मी गंमत केली, थांब, वाचून दाखवते. चित्र अजून थांबलेलंच होतं. शब्द तिथेच होते. सगळ्या ऐकत होत्या.

"हो," मी म्हणाले. "असंच लिहिलंय."

तिने मान हलवली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने सुपाचा आला.

इथे थांबता आलं असतं तर मी थांबले असते. पण त्या विनोदाला पाय फुटले होते. गल्लीतली पोरं तिला गुलसुम म्हणायला लागली. ती काही बोलायला तोंड उघडायची की कोणीतरी आधीच म्हणायचं, "मी काय बोलतंय!" तिने ते म्हणणं सोडलं. वाक्य सुरू करायच्या आधी एकदम गप्प व्हायची, मग नुसतं काम सांगायची. मीठ संपलं. वेणी सुटली.

ईदला चाचा घरी आला. नवा कॅमेरा आणला होता. अंगणात सगळ्यांना उभं केलं. अब्बाही त्या वर्षी घरी होते. जैतूनखाला आतून आली. हिरवी साडी, चाचीने दोन वर्षांपूर्वी दिलेली, तिने कधीच न नेसलेली. हात पदराला पुसत ती आमच्या कडेला, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिला कोणी जा म्हणालं नाही. चाचा तर म्हणालाही, ये गो जैतून, ये.

तेवढ्यात खतीजामामी आपल्या दारातून ओरडली, "मी काय बोलतंय, माझा पण फोटो काढा गो! नवऱ्याला पाठवा!"

चाचाला संदर्भ माहीत नव्हता, तरी तो हसला. अब्बा हसले. जैतूनखाला बाजूला झाली. रागाने नाही; कोणाला वाट द्यावी तशी. चाचाने बटण दाबलं.

तो फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. सगळे ओळीत उभे आहेत. मी टोकाला आहे, आणि माझ्या शेजारी एका माणसाएवढी जागा रिकामी आहे. मी हसतेय. घाबरून, नाइलाजाने, कसंही म्हणा. पण फोटोत फक्त हसताना दिसते.

महिन्याभरात तिने काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. चाचीला वाईट वाटलं, तिने खूप समजावलं. खरं कारण मला माहीत होतं, आणि मी त्या वेळी अभ्यास करत बसले होते.

गेल्या वर्षी मी कोल्हापूरला परीक्षेला चालले होते. गाडी पालीला थांबली. बाजाराचा दिवस होता. खाली उतरले, तर रस्त्याकडेला सुकट आणि सोडे मांडून जैतूनखाला बसलेली. भाचीकडे राहते म्हणाली. केस पांढरे झालेत. तिने मला आधी ओळखलं. हाताने पोत्यावरची धूळ झटकली आणि मला शेजारी बसवलं. माझी वेणी बघितली. जेवतेस काय नीट, विचारलं. चाचीचं विचारलं, खतीजामामीचंही विचारलं. मग सोड्यांची रास सारखी करत म्हणाली, "ती कॅसेट हाय काय अजून?"

आहे, मी म्हणाले. चालत नाही आता, बुरशी धरलीय.

"चांगली होती ती बाई," ती म्हणाली. "कशी उभी राहिली होती."

बस. पुढे तिने काही विचारलं नाही. कंडक्टरने हाक मारेपर्यंत निदान पाच मिनिटं होती. मला ते शब्द पाठ आहेत. चार वर्षांत एकही विसरले नाही. रस्त्याकडेला, सुकटीच्या वासात, आम्ही दोघीच बसलो होतो. हसणारं कोणी नव्हतं. तरी मी बोलले नाही. या वेळी काय आडवं आलं? लाज? पण लाज तर तिच्यासमोर वाटायला हवी, आणि वाटली की बोलायला हवं. मी गाडीत चढले. वळणापर्यंत ती हात हलवत होती.

मी हे लिहिलंय त्याबद्दल मला काही नको. तुम्ही मला बरं म्हणू नका. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे हे तिच्यापर्यंत जाणार नाही हेही मला ठाऊक आहे, आणि कदाचित म्हणूनच मी लिहू शकले.

फक्त ते शब्द कुठेतरी जसेच्या तसे असावेत. थांबलेल्या चित्राखाली, पिवळ्या अक्षरांत, लिहिलं होतं ते हे:

"बाईसाहेब, या घरात मला बावीस वर्षं झाली. हा मुलगा माझ्या मांडीवर मोठा झाला. तुमच्या भिंतींवर इतके फोटो आहेत, रोज मी त्यांच्यावरची धूळ पुसते. त्यातल्या एकातही मी नाही. आज मी बाजूला होणार नाही. मीही या घरातली आहे. मीही माणूस आहे. मला नीट उभं राहता येतं."

मग ती डोक्यावरचा रुमाल सारखा करते, पुढे येते आणि नवरा-नवरीच्या शेजारी उभी राहते. पिक्चरमध्ये त्या वेळी कोणीही हसत नाही.